दोष चावीचा नव्हता

ऑटोमॅटिक घड्याळाला हातानं चावी द्यावी की देऊ नये, हे आतलं मशीन ठरवतं आणि बनवणाऱ्यानं सोबत दिलेली पुस्तिका सांगते. काउंटरमागं उभा असलेला माणूस ते ठरवू शकत नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पुस्तिका घरात कपाटात होती, आणि तरीही भरल्या दुकानात इतर गिऱ्हाइकांसमोर मला ऐकून घ्यावं लागलं : ‘अंकल, तुम्ही चावी देऊन देऊन मशीनची वाट लावली. आता वॉरंटी बसणार नाही.’

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहितो आहे. हेच वाक्य ऐकून किती जणांनी मान खाली घालून नव्या मशीनचे पैसे भरले असतील कोण जाणे.

घड्याळ कुठल्या कंपनीचं, मला कसं मिळालं, हा विषय नाही. स्विस मशीन आहे, सेकंदाला आठ ठोके, पूर्ण भरल्यावर दीड दिवस चालणारं. नोकरीत होतो तोवर त्याला चावी द्यायची वेळच येत नसे. आमच्या दिवाळे गावातून बेलापूरच्या कोकण भवनात पायी जायचं, मजले चढायचे-उतरायचे, फायली हलवायच्या, संध्याकाळी बंदरावर भावाच्या होडीकडे चक्कर. हात हलतो तसा आतला रोटर फिरतो आणि कमान भरत राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खुर्ची आणि पलंग एवढंच जग उरलं, तेव्हा घड्याळ पहाटे थांबायला लागलं. बिघडलं नव्हतं, उपाशी राहत होतं. सकाळी उठल्यावर चावीचे आटे सोडायचे, ती सावकाश फिरवायची, आटे पुन्हा आवळायचे आणि घड्याळ मनगटावर. पुस्तिकेत अगदी हेच लिहिलं आहे : घड्याळ थांबलेलं असेल तर चावी काट्यांच्या दिशेनं वीस-तीस वेळा फिरवून ते सुरू करा. मी त्यापलीकडे काही केलेलं नाही.

ऑपरेशनच्या थोडं आधी मी ते सर्व्हिसिंगला दिलं होतं. नवी मुंबईच्या एका नोडमधल्या काचेच्या, वातानुकूलित दुकानात. नाव घेत नाही. पावतीवर ‘फुल सर्व्हिसिंग’ एवढंच लिहिलं होतं आणि सहा महिन्यांची वॉरंटी. घड्याळ परत आलं ते चकचकीत होऊन आलं, पट्टा घासलेला, काच लखलखीत. पण चावी देताना आतून घर्र असा आवाज यायला लागला आणि बोटांना मागून कोणीतरी ओढतंय असं जाणवायला लागलं. सर्व्हिसिंगच्या आधी चावी रेशमासारखी फिरायची. मी फोन केला. ‘नवीन ऑइल आहे अंकल, बसेल हळूहळू,’ असं उत्तर मिळालं. मग एका सकाळी चावी फिरता फिरता कचकन सुटली. त्यानंतर ती नुसतीच फिरत राहिली, कमान भरेना.

मला चीड त्या सुटलेल्या चावीपेक्षा पुढं जे घडलं त्याची जास्त आहे.

दुकानातल्या मुलानं घड्याळ हातात घेतलं. मागचं झाकण काचेचं आहे, आतला रोटर दिसतो. त्यानं चावी फिरवली. रोटर भिंगरीसारखा गरगरला. त्यानं घड्याळ माझ्याकडे न धरता शेजारच्या गिऱ्हाइकाकडे धरलं आणि म्हणाला, ‘बघा, हे असं होतं. ऑटोमॅटिकला चावी द्यायचीच नसते.’ मी म्हणालो, पुस्तिकेत द्यायला सांगितली आहे. तो म्हणाला, ‘चावी द्यायची होती तर ऑटोमॅटिक कशाला घेतलं?’ आतून मालक आले. त्यांनी घड्याळ उघडलं नाही, आयग्लास लावला नाही, टाइमिंग मशीनवर ठेवलं नाही. फक्त विचारलं, रोज चावी देता? मी हो म्हणालो. बस्स, तेवढ्यावर निकाल लागला. नवीन मशीन घाला, चौदा हजार. जुनं मशीन आमच्याकडेच राहील.

जुनं मशीन आमच्याकडेच राहील, हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की त्या क्षणी मला त्याचा अर्थ लागला नाही. घरी आल्यावर लागला. बिघाडाचा एकमेव पुरावा त्या मशीनमध्ये होता, आणि तो त्यांना स्वतःकडे हवा होता.

त्या रात्री मी जुनी पावती काढली. तारखा जुळवत बसलो. आवाज सुरू झाला तो सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्याच सकाळी. म्हणजे चावीनं बिघाड केला असं म्हणायचं, तर तो एका सकाळीत केला असं म्हणावं लागेल. हे माझ्या आधीच का लक्षात आलं नाही, असं मुलीनं विचारलं. कारण सरळ आहे. चारचौघांत आपल्याला अडाणी ठरवलं की माणूस स्वतःच्या बचावात गुंततो. समोरच्याचं काम तपासायला हवं, हे तेव्हा सुचत नाही. त्या दुकानात माझ्याकडून हेच करून घेतलं गेलं.

घड्याळ मी पनवेलला एका जुन्या घड्याळजींकडे नेलं. टपरीवजा दुकान, टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग. त्यांनी मी काय सांगतो ते ऐकण्याआधी मागचं झाकण उघडलं, रोटर काढला आणि एक अगदी छोटं चाक चिमट्यात धरून मला भिंगातून बघायला लावलं. चाक तेलानं माखलेलं होतं, आणि ते तेल घट्ट होऊन चिकटा झाला होता. ‘ह्याच्यात तेलाचा थेंब घालायचाच नसतो,’ ते म्हणाले. ‘कोणी घातला?’

हे नीट समजून घ्या, कारण सगळा वाद इथेच मिटतो. रोटर दोन्ही दिशांना फिरतो, पण कमान एकाच दिशेनं भरायची असते. ते काम बऱ्याच स्विस मशीनमध्ये रिव्हर्सर नावाची दोन चाकं करतात. त्यांच्या पोटात सूक्ष्म खिट्ट्या असतात. एका दिशेला त्या अडकतात, दुसऱ्या दिशेला निसटतात. आपण हातानं चावी देतो तेव्हा कमानीवरच्या चाकाबरोबर ऑटोमॅटिकच्या जोडणीतली चाकंही फिरायला लागतात. त्या वेळी रिव्हर्सरच्या खिट्ट्यांनी निसटलं पाहिजे, म्हणजे रोटर जागेवर राहतो आणि दात्यांवर भार येत नाही. खिट्ट्या कोरड्या पडल्या किंवा तेलानं चिकटल्या, तर त्या निसटत नाहीत. मग तुमची दोन बोटं कमानीबरोबर तो जड रोटरही फिरवतात, आणि गिअरच्या हिशोबामुळे चावीचा एक फेरा तिकडे कितीतरी फेरे होऊन पोचतो. सगळा ताण ऑटोमॅटिकला जोडणाऱ्या मधल्या चाकाच्या दात्यांवर. ते झिजतात, तुटतात. रिव्हर्सर धुऊन त्यांना खास पातळ द्रावणात बुडवून वाळवायचं असतं, म्हणजे वंगणाचा नुसता पापुद्रा राहतो. सुईच्या टोकानं साधं तेल सोडलं की काम बिघडलं. चावी देताना रोटर गरगरणं, हे रिव्हर्सर अडकल्याचं लक्षण म्हणून घड्याळजींच्या धंद्यात सर्वांना माहीत आहे. दुकानातल्या मुलानं माझ्या अपराधाचा पुरावा म्हणून जो गरगरणारा रोटर लोकांना दाखवला, तो त्यांच्याच कामाचा पुरावा होता.

चावीनं फक्त तो दोष उघड केला. मनगटावर असताना हात हलून कमान भरत होती तेव्हाही खिट्ट्या चिकटलेल्याच होत्या. मी चावी दिली नसती तर घड्याळ आणखी काही महिने अर्धपोटी चाललं असतं, मागं पडत राहिलं असतं, वॉरंटी संपली असती, आणि मग पुन्हा ‘फुल सर्व्हिसिंग’ झालं असतं.

आता हा गैरसमज आला कुठून, तेही सांगतो, कारण आमच्या वयाच्या माणसांना तो जास्त फसवतो. आम्ही एचएमटीवर वाढलो. सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना निघाला आणि पुढची तीसेक वर्षं नोकरीला लागलेल्या, दहावी झालेल्या, लग्न ठरलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर तेच घड्याळ बसलं. बाबांची एचएमटी ‘जनता’ होती, डायलवर सतरा ज्वेल्स लिहिलेली. बंदरावर जायच्या आधी ते चावी द्यायचे आणि ती जिथं अडेल तिथं थांबायचे. त्यापुढे रेटलं तर काहीतरी तुटणार, हे प्रत्येक घरात पोरांना सांगितलेलं असायचं. ऑटोमॅटिकमध्ये ती अडण्याची जागा नसते. कमानीचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीला पक्कं बांधलेलं नसतं. कमान पूर्ण भरली की ते टोक भिंतीवरून घसरतं. ही घसरती कमान आद्रियाँ फिलिप यांनी १८६३ मध्ये शोधली, हातावरच्या ऑटोमॅटिक घड्याळांच्या कितीतरी आधी. तिच्यामुळे ऑटोमॅटिकला चावी ‘जास्त’ होऊच शकत नाही. माणूस दिवसभर हात हलवत असतो, रोटर थांबत नाही. जास्त भरून कमान तुटत असती, तर प्रत्येक ऑटोमॅटिक घड्याळ दुपारपर्यंत तुटलं असतं. ‘जनता’वाला माणूस मात्र ऑटोमॅटिकची चावी हातात घेतो, ती अडेपर्यंत फिरवू लागतो, ती अडतच नाही, आणि तो घाबरतो. दुकानदार त्या भीतीवर बोट ठेवतो.

चावी नसलेलं घड्याळ कोणी केलंच नाही असं नाही. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीनं १९२० च्या दशकात हातावरचं ऑटोमॅटिक घड्याळ काढलं, त्याला चावीच ठेवली नव्हती. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत धूळ आणि ओल चावीच्या भोकातूनच शिरते, हे तो रोज बघत होता. काटे लावायला त्यानं काचेभोवतीची किनार फिरती ठेवली. त्याची कंपनी टिकली नाही. रोलेक्सनं १९३१ मध्ये पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला तो चावीसकट, आणि तीच कंपनी आजही सांगते की थांबलेलं घड्याळ घालण्याआधी चावीला किमान पंचवीस फेरे द्या. जगातली सर्वांत नावाजलेली कंपनी जे करायला सांगते, त्याला नोडमधलं दुकान गैरवापर म्हणतं.

मात्र सगळ्या ऑटोमॅटिकना चावी देता येते, असंही समजू नका. आखातातून आणि जहाजावरून आलेली जुनी सेको ५ घड्याळं आमच्या गावात पुष्कळ आहेत. ७००९ आणि ६३०९ ही जुनी मशीन आणि १९९६ नंतरचं ७एस२६, यांना हातानं चावी लागतच नाही. चावी फिरवली तरी आत काही भरत नाही. म्हणून तर ती चावी चारच्या अंकाशी, केसमध्ये आत दडवलेली असते. अशा घड्याळाला आडवं धरून डावी-उजवीकडे साधारण अर्धा मिनिट संथपणे हलवायचं आणि मग हातात घालायचं. औषधाची बाटली हलवतात तसं जोरानं हलवायचं नाही, त्यानं काहीही लवकर भरत नाही. त्याच कंपनीची ४आर३६, एनएच३५, ६आर१५ ही नंतरची मशीन मात्र हातानं भरता येतात. त्यांत रिव्हर्सरऐवजी ‘मॅजिक लिव्हर’ असतो, सेकोनं १९५९ मध्ये काढलेला. साधी, दणकट युक्ती. तुमचं मशीन कुठलं ते मागच्या झाकणावरच्या आकड्यात असतं, सेकोमध्ये पहिली चार अक्षरं. ती कागदावर उतरवून ठेवा. दुकानात गेल्यावर पहिल्यांदा तीच वाचून दाखवा. समोरच्याचा आवाज तिथंच थोडा खाली येतो.

माझा धाकटा भाऊ अजून मासेमारी करतो. त्याच्या हातात ७एस२६ आहे. जाळं ओढणाऱ्या हातावरचं ऑटोमॅटिक कधी थांबत नाही. पण १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा ते फळीवर पडून थांबतं आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तो ते हलवून पुन्हा घालतो. त्याला कोणी विचारलं तर तो एवढंच सांगतो, ‘हालव त्याला.’ त्याच्या घड्याळापुरतं ते बरोबर आहे. माझ्या घड्याळाला ते लागू नाही. हा फरक ज्या दुकानदाराला माहीत नाही, त्यानं घड्याळाचं झाकण उघडू नये.

थांबलेल्या घड्याळाचं काही बिघडत नसतं, हेही यातूनच कळेल. ते फिरतं ठेवण्यासाठी विजेवर चालणारी डबी विकतात, ती मलाही दाखवली होती. साधी तारीख-वार असलेल्या घड्याळाला तिची गरज नाही. पैसे वाचवा.

चावी द्यायची तर कशी, ते सांगतो. घड्याळ हातातून काढून द्या. मनगटावर असताना दिली की चावी तिरपी ओढली जाते आणि तिच्या रॉडवर ताण येतो. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून सावकाश फिरवा. जोराच्या झटक्यांनी रिव्हर्सर नाहक वेगात फिरतात. थांबलेलं घड्याळ असेल तर वीस-तीस फेरे पुरे, बाकीचं काम हात करतो. घड्याळ चालू असेल आणि तुम्ही दिवसभर ते घालणार असाल, तर रोज चावी द्यायची गरज नाही. मी रोज देत होतो कारण ते रोज थांबत होतं. सेकंदाला आठ ठोक्यांच्या लोकप्रिय स्विस मशीनमध्ये ऑटोमॅटिकला जोडणारं ते मधलं चाक नाजूक असतं, हे खरं आहे. वर्षानुवर्षं रोज पूर्ण चावी भरत राहिलात तर ते इतरांपेक्षा आधी झिजेल. पण झिजणं आणि सर्व्हिसिंगनंतर काही आठवड्यांत तुटणं, या दोन गोष्टी कोणी एक करू लागला तर ऐकून घेऊ नका.

आवाजाचंही तसंच. सिटिझनच्या घराण्यातलं मियोटा ८२१५ हे मशीन एकाच दिशेनं भरतं. दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा फिरतो आणि हात हलवला की घरघर ऐकू येते. तो त्याचा स्वभाव आहे, घाबरू नका. घाबरायचं ते हातानं चावी देत असताना रोटर फिरला तर. मागचं झाकण काचेचं असेल तर डोळ्यांनी बघा, नसेल तर कानाशी धरा. असं झालं तर त्या क्षणी चावी देणं थांबवा आणि घड्याळजीकडे जा. ‘बसेल हळूहळू’ या उत्तरावर फोन ठेवू नका.

दिवाळ्यासारख्या खाडीकाठच्या गावात आटे असलेल्या चावीची काळजी जास्त घ्यावी लागते. पनवेल खाडीची खारी हवा, मासळीचा हात, बर्फाचं पाणी हे सगळं चावीच्या भोवती साचतं आणि वाळलं की मीठ होतं. ते मीठ आट्यांत शिरलं की प्रत्येक वेळी आटे घासले जातात आणि आतली रबराची रिंग कापली जाते. चावी सोडण्याआधी, म्हणजे ती आवळलेली असतानाच, घड्याळ गोड्या पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. मग सोडा. परत आवळताना आत दाबत आधी किंचित उलटं फिरवा, आटे बसल्याचं बोटांना कळतं, मग सुलटं आवळा. आटे तिरपे बसले तर जोर लावू नका. आणि आवळायला विसरून बंदरावर जाऊ नका. डायलवर दोनशे मीटर लिहिलेलं असो की आणखी काही, उघड्या चावीतून खारं पाणी आत गेलं की आठवड्याभरात गंज. असं घडलंच तर तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघू नका, त्याच दिवशी उघडून घ्या.

तारखेचं एक लक्षात ठेवा. थांबलेलं घड्याळ सुरू केल्यावर लगेच तारीख पुढं ढकलू नका. रात्री नऊ ते पहाटे तीन-चारच्या दरम्यान तारखेचं चाक आतल्या दात्यात अडकलेलं असतं. काटे आधी सहावर आणा, मग तारीख बदला, मग वेळ लावा. हे दाते तुटले तरी दोष चावीलाच देतात.

सर्व्हिसिंगला देताना ‘फुल सर्व्हिसिंग’ या शब्दांवर पैसे देऊ नका. काय उघडणार, रिव्हर्सर धुणार की बदलणार, रबराच्या रिंगा नव्या घालणार का, हे पावतीवर लिहून घ्या. लिहायला कुरकुर केली तर घड्याळ उचला आणि बाहेर पडा. परत घेताना त्यांच्यासमोर चावी द्या आणि रोटर बघा. टाइमिंग मशीनवर ठेवायला लावा. पूर्ण भरलेलं, सपाट ठेवलेलं चांगलं मशीन साधारण २७० ते ३१० अंशांचा झोका (अ‍ॅम्प्लिट्यूड) दाखवतं. दोनशेच्या आसपास दाखवत असेल तर सर्व्हिसिंग झालेलं नाही, फक्त पॉलिश झालं आहे. आणि बदललेला प्रत्येक सुटा भाग परत मागा, तुटका, झिजलेला, कसाही असो. तो तुमचा आहे. मी तेव्हा ‘जुनं मशीन राहू दे’ म्हणालो असतो तर आज माझ्याकडे काहीही नसतं. चोर बाजारातून किंवा ऑनलाइन स्वस्तात जुनं ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी तर हे दुप्पट करावं. मुंबईत रंगवलेल्या डायलची, चार घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेली घड्याळं इतकी निघाली की परदेशातले शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यांच्या आत कुठलं मशीन आहे हे डायलवरून कळणार नाही.

पनवेलच्या घड्याळजींनी मधलं चाक आणि दोन्ही रिव्हर्सर बदलले. सगळा खर्च मिळून त्या चौदा हजारांच्या जवळपासही गेला नाही. चिकटलेली चाकं त्यांनी कागदाच्या पुडीत घालून दिली आणि मी मागितल्यावर काय सापडलं ते त्यांच्या बिलावर लिहून दिलं. ती पुडी आणि दोन्ही पावत्या घेऊन मी पहिल्या दुकानात गेलो. मालकांनी पुडी उघडली नाही. मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला. ‘बाहेर उघडलं, आता वॉरंटी संपली,’ म्हणाले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाचा फोन आला आणि सर्व्हिसिंगचे पैसे परत मिळाले, ‘तुमचं समाधान म्हणून’. चूक झाली असं एक अक्षर त्यांनी लिहून दिलं नाही. मी मागितलं तेव्हा, पैसे मिळाले ना, आता काय, असं म्हणाले. मला पैशांपेक्षा ते अक्षर हवं होतं. ज्यांच्यासमोर मला अडाणी ठरवलं, त्यांतल्या कोणालाही खरं काय ते कधीच कळणार नाही.

हेल्पलाइननं काम झालं नाही तर ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. आमच्यासारख्या कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसालाही अर्जाचा कंटाळा येतो, दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. तरी करा. पावती, पुस्तिकेच्या त्या पानाची प्रत, सुटे भाग आणि दुसऱ्या घड्याळजीचं लेखी मत, एवढं पुरतं.

परवा आमच्या आळीतला एक मुलगा आला. तेच दुकान, तेच वाक्य : चावी दिलीत म्हणून बिघडलं. त्याच्या घड्याळाचं झाकण पाहिलं तर आत ७एस२६. त्याला हातानं चावी देताच येत नाही. मी त्याला ते कागदावर लिहून दिलं आणि मालकांनाच दाखवायला सांगितलं. तो अजून दुकानात गेलेला नाही, आणि या वेळी उत्तर ऐकायला मी त्याच्याबरोबर जाणार आहे.